पुढचा पॉइंट

"आत," व्हर्ना म्हणाली.

चेंडू रेषेच्या चांगला वीतभर बाहेर पडला होता. मी कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते, आणि माझे डोळे अजून शाबूत आहेत. व्हरांड्यात चहाचे कप धरून बसलेल्या क्लबच्या मंडळींनाही तो बाहेर पडलेला दिसला. जाळीपलीकडच्या कॉन्स्टन्स थेअरला तर सगळ्यांच्या आधी दिसला, कारण तो तिनेच मारला होता. पॉइंट गेला असं धरून ती पाठ फिरवून निघालीही होती. ती थांबली.

"काय म्हणालीस?"

"आत. पॉइंट तुझा."

"अगं, बाहेर होता तो."

"रेष माझ्या बाजूची आहे, कॉनी. मी सांगेन ते खरं." आणि व्हर्ना शांतपणे पुढची सर्व्हिस घ्यायला जाऊन उभी राहिली.

पन्नाशी उलटलेल्या बायकांच्या स्पर्धेला पंच कोण बसवतंय? फायनल असली म्हणून काय झालं. अशा वेळी ज्याच्या बाजूला चेंडू पडतो त्याने आत की बाहेर ते सांगायचं आणि समोरच्याने निमूट मानायचं, ही आमच्या खेळाची जुनी रीत. या रीतीवर लोकांनी लबाड्या केलेल्या मी आयुष्यभर पाहिल्यात. पण आपल्याच तोट्याची लबाडी करणारी बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पहिला सेट व्हर्नाने सहा-एक असा घेतला होता. बावन्न वर्षांची बाई, एका गुडघ्याला पट्टा बांधलेला, पण कॉनीला तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत असं पळवलं की मी सुखाने पिशवीतून राय ब्रेडचं सँडविच काढून खायला लागले होते. आणि दुसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच हे. घास माझ्या तोंडातच राहिला. मला वाटलं, हिला आता चष्मा लागला. एवढ्यात कॉनीचा आणखी एक चेंडू लांब गेला, आणि व्हर्ना पुन्हा म्हणाली, "आत."

या वेळी तिने जरासं माझ्याकडे पाहिलं, आणि मग मला कळलं. तिच्या बापाच्या दुकानात सुरीला धार लावताना तिचा चेहरा असाच शांत असायचा.

व्हर्ना ह्रादेक ही आमच्या गल्लीतल्या खाटकाची मुलगी. क्लीव्हलंडच्या ज्या भागात आम्ही वाढलो तिथे सगळे चेक नाहीतर स्लोव्हाक. माझा बाप पोलादाच्या कारखान्यात, तिच्या बापाचं सॉसेजचं दुकान. पार्कात नगरपालिकेची सिमेंटची दोन कोर्टं होती, जाळीच्या जागी लोखंडी तारा. तिथे आम्ही दोघी शिकलो. शिकलो म्हणजे काय, शिकवायला कुणी नव्हतंच. पार्काच्या टोकाला सराव करायची एक भिंत होती, तिच्यावर व्हर्ना तासन् तास चेंडू मारायची. मी तिच्या जोडीने डबल्स खेळायचे. मी बरी होते. ती काही वेगळीच चीज होती.

विसाव्या वर्षी तिने राज्यातली सगळी नावाजलेली नावं धुऊन काढली, आणि पंचविसाव्या वर्षी ती देशात तिसरी होती. दिवसा विम्याच्या कचेरीत टाइपिंग, संध्याकाळी दुकानात, आणि उरलेल्या वेळात टेनिस. तेव्हा आम्ही सगळे हौशी. खेळाचा एक डॉलर घेतला की माणूस बाटला. ज्यांच्या घरी पैशाला तोटा नाही त्यांनी हा नियम केला होता, त्यामुळे तो त्यांना फार आवडायचा.

मोठ्या स्पर्धा गवताच्या कोर्टावर व्हायच्या आणि गवत होतं क्लबांकडे. आमच्याकडचा मोठा क्लब म्हणजे तळ्याकाठचा वेदरली. तिथे चेंडू पांढरा, कपडे पांढरे, बूट पांढरे आणि माणसंही फक्त गोरी. त्यातही आम्ही कारखान्यावाल्यांची पोरं जरा कमी गोरी धरली जायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत एक बाई नाक वर करून म्हणाली, "कसला गं वास येतोय, धुरात भाजल्यासारखा?" व्हर्ना म्हणाली, "हॅमचा. आमचंच आहे. पाठवू का थोडं?" त्या बाईला तिने दुपारी सहा-शून्य, सहा-शून्य असं घरी पाठवलं.

कॉन्स्टन्स थेअर या क्लबातच वाढलेली. आजोबांनी क्लब काढला, वडील समितीवर. खेळायची सुंदर, हे मला मान्य करावं लागतं. दिसायचीही सुंदर, तेही मान्य करते, पण इतक्यावरच थांबते.

आता त्या काळची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच समजणार नाही. रेषेवरचा माणूस चुकला, चेंडू आत असून बाहेर म्हणाला, आणि त्यात तुमचा फायदा झाला. तर तुम्ही पंचाशी वाद घालायचा नाही, तो अपमान. तुम्ही फक्त पुढचा पॉइंट सोडून द्यायचा. चेंडू हळूच जाळीत मारायचा, मान खाली, चेहऱ्यावर काही नाही, जणू चुकूनच गेला. समोरच्याला कळतं, पंचाला कळतं, बघणाऱ्यांना कळतं, आणि कुणी एक शब्द बोलत नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. पण ज्याने हे केलं नाही त्याच्याशी पुढे कोणी जेवणाच्या टेबलावर नीट बोलत नसे. निदान आम्हाला तसं सांगितलं गेलं होतं, आणि आम्ही पार्कातल्या मुलींनी ते देवाच्या आज्ञेसारखं पाळलं.

एकोणपन्नास साली वेदरलीवर लेकशोर कपची फायनल झाली, व्हर्ना आणि कॉनी. जिंकेल ती इंग्लंडला जाणाऱ्या संघात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. व्हर्नाच्या बापाने आयुष्यात पहिल्यांदा शनिवारी दुकान बंद ठेवलं आणि लग्नातला काळा सूट घालून, घामाने डबडबत, माझ्या शेजारी पहिल्या रांगेत येऊन बसला.

पहिल्या सेटमध्ये रेषेवरच्या माणसाने कॉनीचा एक चांगला चेंडू बाहेर दिला. व्हर्नाने काय केलं असेल? पुढची सर्व्हिस सरळ जाळीत. मग दुसरी, तीही जाळीत. कॉनीने मान किंचित लववली आणि लोकांनी हळू टाळ्या वाजवल्या. म्हातारा मला विचारतो, "हे काय केलं हिने?" मी समजावलं. तो खूश झाला. "बरोबर आहे," म्हणाला. "वजन करताना काट्यावर अंगठा ठेवायचा नाही. आपलं दुकान त्यावरच चाललंय."

तिसरा सेट. कॉनी एका गेमने पुढे आणि सर्व्हिसही तिचीच, म्हणजे हा गेम घेतला की कप तिचा. पण ती दमली होती. तोंड उघडं, पाय जड. गेम फिरवणारा पॉइंट व्हर्नाकडे आला. तो मिळाला असता तर बरोबरी, आणि त्यापुढे कॉनी फार वेळ टिकली नसती, हे अख्ख्या व्हरांड्याला दिसत होतं. व्हर्नाने बॅकहँड मारला, रेषेच्या लगत, खाली, सरळ. तिच्या आयुष्यातला सगळ्यात देखणा फटका तो. चेंडू आमच्यासमोर बाजूच्या रेषेवर पडला. रेषेवर, मी शपथ घेऊन सांगते. चुन्याची पूड उडाली, म्हाताऱ्याच्या काळ्या पँटवर बसली.

"बाहेर," रेषेवरचा माणूस म्हणाला. तो क्लबचाच एक निवृत्त जज्ज, दुपारच्या जेवणाबरोबर वाइन घेऊन आलेला. पूड उडाल्यावर त्याला जाग आली असावी.

कॉनी चेंडूपासून हातभर अंतरावर होती. तिने खाली पाहिलं. चुना उडालेली जागा तिला दिसली, कारण तिने काय केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बुटाचं टोक पुढे करून तिने ती जागा हळूच पुसली. आजूबाजूचा चुना त्यावर सारवला. मग ती सर्व्हिस करायला गेली.

व्हर्ना वाद घालायला गेली नाही. ती जागेवर उभी राहून वाट पाहत होती. पुढचा पॉइंट आपल्याकडे परत येणार, याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती. रॅकेटसुद्धा तिने सैल धरली होती.

कॉनीने आयुष्यातली सगळ्यात जोरकस सर्व्हिस केली. चेंडू व्हर्नाच्या बाजूने गेला तेव्हा ती हललीसुद्धा नाही. त्यानंतरच्या पॉइंटला ती खेळतच नव्हती, नुसती बघत होती. कप कॉनीचा झाला.

चहाच्या वेळी व्हर्ना तिच्याजवळ गेली. मी तिच्या मागेच होते. काकडीची सँडविचं, केक, पांढरे हातमोजे. व्हर्ना हळू आवाजात म्हणाली, "तो बॉल आत होता, कॉनी. तू पाहिलास."

कॉनी हसली. मोठ्याने बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पंचांशी वाद घालू नये, व्हर्ना. तुमच्या पार्कात पंच नसतात ना, त्यामुळे सवय नसेल तुला."

सगळा व्हरांडा हसला. जज्जही हसला. म्हातारा एकटाच दाराशी उभा होता, पँटवरची पूड त्याने झटकली नव्हती. व्हर्ना केकची बशी खाली ठेवून निघून आली. एवढ्यावरून समितीने ठरवलं की ह्रादेकबाईंचा स्वभाव संघात जमण्यासारखा नाही. इंग्लंडला कॉनी गेली.

गाडीत म्हातारा एवढंच म्हणाला, "तिने अंगठा ठेवला." चेक भाषेत. व्हर्नाने मान हलवली. ती रडली नाही. मी रडले, आणि तिने मला गप्प बस म्हणून सांगितलं.

तुम्ही म्हणाल, पुढच्या वर्षी हरवायचं की तिला. तिचाही तोच बेत होता. पण हिवाळ्यात म्हाताऱ्याला अर्धांगाचा झटका आला. दुकान बंद पडलं. नगरपालिकेने व्हर्नाला पार्कात मुलांना टेनिस शिकवायचं काम दिलं, पगार देऊन, आणि तिने ते घेतलं. महिन्याभरात संघटनेचं फर्मान आलं की व्हर्ना ह्रादेक आता व्यावसायिक झाल्या आहेत, सबब त्यांना हौशी खेळाडूंच्या स्पर्धांत भाग घेता येणार नाही. लोकांच्या बंगल्यांत महिना-महिना फुकट राहून, फुकट खाऊन खेळणारी कॉनी हौशी. सिमेंटवर पोरांच्या नाकाचा शेंबूड पुसत सर्व्हिस शिकवणारी व्हर्ना व्यावसायिक. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याच्या डोक्याला माझा नमस्कार.

तेव्हापासून कॉनीच्या समोर उभं राहायचा रस्ताच बंद झाला. कॉनी जिंकत गेली, मासिकांत फोटो आले, लग्न झालं, मोडलं, दुसरं झालं. व्हर्ना पार्कात. तिने कुणाला शिव्या दिल्या नाहीत, कुठे बोलली नाही. एकच केलं. सरावाच्या भिंतीला तिने कॉनी असं नाव ठेवलं. रोज सकाळी मुलं यायच्या आधी ती भिंतीसमोर उभी राहायची आणि असे काही फटके मारायची की प्लास्टर उडायचं. दोनदा नगरपालिकेला ते नवीन करावं लागलं. मुलांनी ते नाव उचललं, का ते न कळता. पुढे त्यांची मुलं आली, तीही तसंच विचारायची, "मॅडम, कॉनी रिकामी आहे का?"

"घे तिला," व्हर्ना म्हणायची. "जोरात मार. तिला काही होत नाही."

मी तिला एकदा विचारलं होतं, "तुला नक्की काय हवंय गं तिच्याकडून?"

"एक शब्द," ती म्हणाली. "आत. तिने तिच्या तोंडाने म्हणायचं."

"आणि म्हणाली तर?"

"आधी म्हणू दे."

मग एक दिवस जग बदललं. हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला, सगळ्यांना सगळीकडे खेळायची मुभा. तोवर आम्ही चाळिशीच्या मध्यावर आलो होतो. व्हर्ना घाई करेना. कॉनी कुठे खेळते, खेळते की नाही, याचा तिने तपास ठेवला. पंच्याहत्तर साली वेदरलीने पन्नाशीपुढच्या बायकांसाठी लेकशोर कप पुन्हा सुरू केला आणि कॉनीने नाव दिलं. त्याच आठवड्यात व्हर्नाने दिलं. गुडघ्याला पट्टा बांधून तिने तीन बायकांना सरळ, नीट, एकही वाकडा निर्णय न देता हरवलं, आणि फायनलला आली.

म्हणजे मी सुरुवातीला सांगितलं तिथे.

दुसरा सेट कॉनीचा झाला. तिला तो घ्यायचा नव्हता. बाहेरचे चेंडू आत, लांबचे चेंडू आत. एकदा तर चेंडू मागच्या कुंपणाला जाऊन लागला, आणि व्हर्ना गंभीरपणे म्हणाली, "आत. छान मारलास." व्हरांड्यात आधी खसखस पिकली. मग हळूहळू आवाज बंद झाला. तिथे पांढऱ्या केसांची जी माणसं बसली होती त्यांतली बरीच एकोणपन्नास सालीही तिथेच बसली होती, आणि त्यांना आता आठवायला लागलं होतं. ती एकमेकांकडे बघेनात. कपबश्या खाली ठेवल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"नीट बघ गं," कॉनी जाळीजवळ येऊन म्हणाली. गळ्याच्या शिरा ताणलेल्या. "लोक हसताहेत आपल्याला."

"आपल्याला?" व्हर्ना म्हणाली. "मला तर कुणी हसताना दिसत नाही."

तिसऱ्या सेटमध्ये कॉनीने ते केलं. सव्वीस वर्षं उशिरा, पण केलं. व्हर्नाने बाहेरचा चेंडू आत दिला, आणि पुढच्या पॉइंटला कॉनीने मुद्दाम, मान खाली घालून, चेंडू लांब बाहेर मारला. रीतीप्रमाणे. परत केला पॉइंट.

"आत," व्हर्ना म्हणाली.

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. असं पोटभर सुख मला फार वेळा मिळालेलं नाही. कॉनीने पुढचा जाळीतच मारला, कारण जाळीतल्या चेंडूला आत म्हणता येत नाही. तेव्हा व्हर्नाने त्याच्या पुढचा जाळीत मारला. दोघी जणी आग्रह करकरून एकमेकींच्या पानात केक वाढताहेत असं चाललं होतं. पण हरण्याच्या कामाची कॉनीला सवय नव्हती आणि व्हर्नाला होती. शेवटी कॉनी दमली. तिचा चेहरा लाल झाला होता. मॅच संपवणारा चेंडू तिने मारला तो बाजूच्या रेषेच्या बाहेर पडला, बरोबर आमच्या बाजूला. एकोणपन्नासचा पडला होता त्या जागेपासून फार लांब नाही.

व्हर्ना तिथे चालत गेली. वाकून पाहिलं. मग बुटाचं टोक पुढे करून तिने गवतावरून हळूच फिरवलं, काहीतरी पुसल्यासारखं. तिथे पुसायला काही नव्हतं.

"आत," ती म्हणाली. "मॅच तुझी."

एकानेही टाळी वाजवली नाही. कॉनी जाळीशी आली. तिने हात पुढे केला नाही.

"बाहेर होता तो," ती म्हणाली. "तुलाही माहीत आहे."

व्हर्नाने आपला हात पुढे केला. "पंचांशी वाद घालू नये, कॉनी."

मग क्लबच्या अध्यक्षांनी कप दिला. बिचारा तरुण माणूस होता, त्याला काही माहीत नव्हतं, त्याने थेअर घराण्याबद्दल लांबलचक भाषण केलं. सगळा वेळ कॉनी कप दोन्ही हातांत धरून उभी होती, पोटापाशी, एखादं भांडं कुठे ठेवायचं ते न कळल्यासारखी. व्हर्नाने मात्र या वेळी केकचा तुकडा संपवला, बशी परत दिली, आणि मला म्हणाली, "चल, हेडी."

गाडीत बसून मी किल्ली लावत होते तेवढ्यात कॉनी धावत आली. घामेजलेल्या कपड्यांवर कुणाचा तरी स्वेटर टाकलेला. ती व्हर्नाच्या खिडकीशी वाकली. काच खाली होती.

"व्हर्ना, थांब. मला बोलायचंय. त्या दिवशी, एकोणपन्नास साली, तुझा तो बॉल..."

व्हर्ना समोर बघत होती. तिने हात खाली नेला आणि काच वर करायचं हँडल फिरवायला लागली. फिरवत राहिली. माझी गाडी जुनी, काच अडकत-अडकत वर जाते. कॉनीची बोटं काचेच्या काठावर होती, ती तिने काढून घेतली. काच बंद झाली. पलीकडे तिचे ओठ हलताना मला दिसत होते, आणि शेवटचा शब्द कुठला होता ते मला ओठांवरूनसुद्धा कळलं. व्हर्नाने बघितलंच नाही.

"चल," ती म्हणाली.

मी गाडी काढली. तळ्याकाठचा रस्ता संपेपर्यंत मी दम धरला. मग मला राहवेना.

"अगं बये, ती म्हणत होती! हाच शब्द हवा होता ना तुला? एवढी वर्षं भिंत फोडलीस त्याच्यासाठी! ऐकून तरी घ्यायचंस!"

व्हर्ना गुडघ्याचा पट्टा सोडत होती.

"ऐकलं असतं तर माफ करावं लागलं असतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तुझा बाप असता तर म्हणाला असता, तूही काट्यावर अंगठा ठेवलास."

"ठेवला," ती म्हणाली. "पण गिऱ्हाइकाच्या बाजूने ठेवला." आणि ती हसली. मीही हसले. पण घरी पोचल्यावर दारात उतरताना गुडघा दुखतोय म्हणून तिने माझा खांदा धरला, जो तिने आजवर कधी धरला नव्हता.

कॉनीने नंतर दोनदा फोन केला. एकदा मीच तिथे होते, मी उचलला. व्हर्नाने हाताने नाही म्हणून खूण केली. मी सांगितलं, बाहेर गेलीय. तिसऱ्यांदा फोन आला नाही.

परवाच्या हिवाळ्यात कॉन्स्टन्स थेअर वारली. कॅन्सर. सकाळी व्हर्ना माझ्याकडे कॉफीला आली होती, पेपर टेबलावर होता. मोठा फोटो, तरुणपणचा. खाली लिहिलं होतं की बाईंनी लेकशोर कप दोनदा जिंकला, एकोणपन्नासला आणि पंच्याहत्तरला. व्हर्नाने ते चष्मा लावून सावकाश वाचलं.

"दोन्ही माझेच," ती म्हणाली.

मला वाटलं ती आता काहीतरी झणझणीत बोलेल. मी तर तयारीतच होते. पण तिने पेपराची घडी घातली, कॉफी अर्धी ठेवली आणि माझ्या कोपऱ्यातली जुनी रॅकेट उचलली. मीही कोट चढवून तिच्या मागून निघाले, कारण रस्त्यावर बर्फ होतं आणि तिचा गुडघा काही भरवशाचा नाही.

पार्कात कुणी नव्हतं, शाळेला जाणारी दोन-तीन पोरं सोडून. त्यांतल्या एकीने तिला बघून ओरडून सांगितलं, "मॅडम, कॉनी रिकामी आहे!"

व्हर्नाने मान हलवली. ती भिंतीसमोर तिच्या नेहमीच्या जागी उभी राहिली. मी बाकावरचं बर्फ झटकत होते. तिने चेंडू एकदा जमिनीवर आपटला आणि मारला. जोरात नाही. भिंतीला लागून तो परत आला, सरळ तिच्या उजव्या हाताला, लहान मुलानेही मारला असता असा.

तिने रॅकेट खाली केली, मान खाली घातली आणि चेंडू जाऊ दिला.

तो तिच्या बाजूने मागे गेला, कुंपणापर्यंत घरंगळला आणि बर्फात थांबला. ती वळली नाही. मी जाऊन तो उचलून आणला.